पहाटे मॅग ड्रॉप, नऊ वाजता सगळं ठीक: डाकोटाच्या इंजिनाचा परत परत येणारा स्नॅग

पहाटे साडेपाचला इंजिन सुरू करायचं, तेल गरम होऊ द्यायचं, मग मॅग्नेटो, म्हणजे प्लगांना ठिणगी देणारी यंत्रं, तपासायचे. उजव्या इंजिनाचा स्विच 'राइट'वर नेला की आरपीएमची (मिनिटातल्या फेऱ्यांची) सुई दीडशेने खाली यायची, हाच मॅग ड्रॉप, आणि काउलिंग, म्हणजे इंजिनाचं आवरण, थरथरायला लागायचं. मर्यादा शंभरची. उड्डाण थांबवा, काउलिंग उघडा, प्लग बदला. नऊ वाजता पुन्हा रन घ्यावा तर ड्रॉप साठ. सही झाली, विमान तयार. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दीडशे.

1970 च्या दशकात मी आसामातल्या हवाई दलाच्या एका तळावर डाकोटा या मालवाहू विमानांचा इंजिन फिटर होतो. तेव्हा एका विमानाच्या मागे हा स्नॅग (बिघाड) जवळपास महिनाभर लागला होता. त्या महिन्यात आम्ही जे चुकलो आणि शेवटी ज्या वाटेने दोष सापडला, ते दोन्ही इथे लिहितो. संग्रहालयात किंवा हौसेने जुनी रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेली) इंजिनं चालती ठेवणाऱ्या तरुणांना हाच स्नॅग आजही छळतो. शिवाय ज्यांनी मला हे शिकवलं त्यातले बहुतेक आता नाहीत, आणि त्यांची पद्धत त्यांच्याबरोबर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी इंजिन नीट डोळ्यांसमोर आणू. डाकोटाला प्रॅट अँड व्हिटनीचं आर-1830 हे इंजिन. 14 सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगा, उड्डाण घेताना 1200 अश्वशक्ती. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एक पुढे एक मागे. म्हणजे एका इंजिनाला 28 आणि विमानाला 56. मॅग्नेटो दोन. उजवा पुढच्या 14 प्लगांना ठिणगी देतो, डावा मागच्या 14 प्लगांना. स्विच 'राइट'वर असताना डावा मॅग्नेटो बंद होतो आणि इंजिन फक्त पुढच्या प्लगांवर चालतं. तेव्हा 'राइट'वर ड्रॉप आला तर दोष उजव्या मॅग्नेटोत, त्याच्या वायरींत किंवा पुढच्या प्लगांत. सिलिंडरांचे नंबर मागच्या रांगेत सगळ्यात वरच्या एकपासून सुरू होतात आणि मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातात. विषम नंबर मागच्या रांगेत, सम पुढच्या. या हिशेबाने 8 नंबर पुढच्या रांगेत, बरोबर सगळ्यात खाली येतो. आठ नंबर लक्षात ठेवा.

ही विमानं दुसऱ्या महायुद्धात बनलेली. आमच्या हातात होती तेव्हा त्यातलं प्रत्येक विमान माझ्याहून वयाने मोठं होतं. 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला जवान घेऊन उतरली ती डाकोटाच, आणि आम्ही त्याच जातीच्या विमानातून ईशान्येच्या डोंगरांतल्या चौक्यांवर तांदूळ, रॉकेल आणि औषधं टाकत होतो. सकाळचं उड्डाण चुकलं तर दुपारी दऱ्यांत ढग भरायचे आणि चौकीवरची माणसं आणखी एक दिवस वाट बघायची. मॅग ड्रॉपची आम्हाला एवढी तळमळ का होती ते यावरून कळेल.

सुई कशी पडते ते बघा

ड्रॉप किती आला हे सगळे लिहून ठेवतात. तो कसा आला हे फार कमी जण लिहितात, आणि खरी माहिती त्यात असते.

स्विच फिरवताच सुई झटकन खाली येऊन थांबली आणि इंजिन अडखळायला लागलं, तर एखादा सिलिंडर ठिणगीविना राहिलाय. प्लग किंवा वायर बघा. सुई सावकाश, जणू उतारावरून घसरत खाली गेली आणि इंजिन मात्र सुरळीत चालतंय, तर ठिणगीचं टायमिंग हललंय किंवा व्हॉल्व्हची मांडणी बिघडलीय. अशा वेळी प्लग बदलून काहीही होणार नाही. दोन्ही बाजूंना सारखाच मोठा ड्रॉप असेल तर इग्निशनला दोष देण्याआधी पेट्रोल-हवेचं मिश्रण आणि कार्ब्युरेटर तपासा, कारण दोन्ही मॅग्नेटो एकाच दिवशी एकसारखे बिघडणं अवघड.

आणि ड्रॉप अजिबात आलाच नाही तर? नवे फिटर खूश होतात. तिथे खरी काळजी करायची. स्विच फिरवूनही दुसरा मॅग्नेटो बंद होत नाहीये, त्याची अर्थिंगची वायर तुटलीय असा त्याचा अर्थ. असं इंजिन स्विच 'ऑफ' असतानाही ठिणगी टाकू शकतं, आणि हाताने प्रॉपेलर फिरवणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. आमच्याकडे प्रत्येक प्रॉपेलर कायम जिवंत समजायचा असा दंडक होता. पात्याच्या वाटेत कुणी उभं राहत नसे, गप्पा मारायलासुद्धा नाही.

तपासताना एक चूक सर्रास होते. 'राइट'वरून थेट 'लेफ्ट'वर जाऊ नका. मध्ये 'बोथ'वर या आणि आरपीएम पुन्हा स्थिर होऊ द्या. तेवढ्या वेळात न पेटलेले प्लग साफ होतात. नाहीतर पहिल्या बाजूचा दोष दुसऱ्या बाजूच्या आकड्यात मिसळतो.

आमच्या विमानाची सुई झटकन पडत होती. म्हणजे प्लग किंवा वायर. इथपर्यंत आम्ही बरोबर होतो.

थंड सिलिंडर शोधणं

14 पैकी कोणता सिलिंडर मेलाय हे शोधायची जुनी रीत आजही सगळ्यात चांगली आहे. इंजिन थंड असताना सुरू करा. थेट खराब बाजूवर, म्हणजे आमच्या बाबतीत 'राइट'वर, ज्या आरपीएमला थरथर जास्त असेल तिथे मिनिटभर चालवा. मग 'बोथ'वर न जाता, तसंच 'राइट'वर असताना मिश्रण तोडून इंजिन बंद करा. 'बोथ'वर गेलात तर मेलेला सिलिंडर दुसऱ्या प्लगने पेटेल, गरम होईल आणि पुरावा पुसला जाईल. इंजिन थांबलं, स्विच 'ऑफ' झाला, की लगेच शिडी लावून प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी ओलं फडकं टेकवत जा. तेरा ठिकाणी चर्र होईल, एका ठिकाणी होणार नाही. काही जण मेणाचा खडू वापरायचे. गरम धातूवर तो वितळतो, थंडवर नुसती रेघ उमटते.

आमच्याकडे आठ नंबर थंड निघाला. पुढचा प्लग काढला तर ओला, काळा, तेलकट.

इथे आम्ही फसलो, आणि माझ्या मते या स्नॅगमध्ये बहुतेक जण इथेच फसतात. रेडियल इंजिनात खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं हे सगळ्यांना माहीत असतं. इंजिन रात्रभर उभं राहिलं की तेल पिस्टनच्या रिंगांवरून झिरपून खाली जमतं. म्हणूनच सुरू करण्याआधी हाताने नऊ पाती मोजून प्रॉपेलर फिरवायचा असतो. मध्येच पातं अडलं तर जोर लावायचा नाही आणि उलटंही फिरवायचं नाही. उलटं फिरवलं तर ते तेल इनटेकच्या नळीत जातं आणि इंजिन सुरू होताच पुन्हा सिलिंडरात ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. खालचा प्लग काढायचा, तेल गळू द्यायचं, मग पुढे. हे सगळं डोक्यात पक्कं बसलेलं असल्यामुळे आठ नंबरचा ओला प्लग बघताच आम्ही म्हणालो, तेल उतरलंय, जुनं इंजिन आहे, रिंगा झिजल्यात. प्लग बदलला. नऊ वाजता ठीक.

तीन वेळा प्लग बदलले. एकदा अख्खा मॅग्नेटो बदलला. त्याला दीड दिवस गेला, टायमिंग पुन्हा बसवलं, आणि तिसऱ्या पहाटे सुई तिथेच पडली. फॉर्म 700 मध्ये, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, एकाखाली एक सारख्या नोंदी झाल्या: ग्राउंड रन घेतला, समाधानकारक.

सिग्नलरच्या कानात काय ऐकू आलं

आमच्या फ्लाइटचे वॉरंट ऑफिसर रजेवरून परत आले. त्यांनी 1950 च्या दशकापासून डाकोटा हाताळली होती. त्यांनी ना पाना घेतला ना काउलिंग उघडलं. फॉर्म 700 ची पानं मागे उलटत बसले. मग मला विचारलं, "या विमानातून सिग्नलर कोण जातात?" सिग्नलर म्हणजे विमानातला रेडिओ सांभाळणारा. मी नाव सांगितलं. "त्यांना कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. इंजिनाच्या स्नॅगबद्दल आम्ही पायलटला विचारत होतो, आणि पायलट म्हणायचे हवेत इंजिन छान चालतं. ते खरंच होतं. 'बोथ'वर असताना आठ नंबर मागच्या प्लगने पेटत होता, 28 मधला एक प्लग गेला तर हाताला फारसं जाणवत नाही.

सिग्नलर साहेब चहा घेत होते. वॉरंट ऑफिसरांनी विचारलं, "सर, उजव्या इंजिनाचा काही आवाज येतो का कानात?" ते म्हणाले, "येतो की. पहिला अर्धा तास कडकड असते. ढगात शिरलं की पुन्हा सुरू होते. मला वाटलं माझा सेट जुना झालाय, मी रेडिओ सेक्शनला सांगितलंय."

म्हणजे एकाच दोषाच्या दोन तक्रारी, दोन वेगवेगळ्या सेक्शनमध्ये, दोन वेगवेगळ्या वह्यांत. रेडिओवाले सेट तपासत होते, आम्ही प्लग बदलत होतो.

हेडफोनमधल्या कडकडीचा अर्थ असा. प्लगच्या वायरींवर धातूची विणलेली जाळी असते. ठिणगीचा विद्युत गोंगाट रेडिओपर्यंत पोचू नये म्हणून ती असते. कडकड ऐकू येते म्हणजे कुठेतरी जाळी तुटलीय किंवा तिची नट सैल झालीय. आणि ज्या फटीतून गोंगाट बाहेर येतो, त्याच फटीतून ओलावा आत जातो.

मग त्यांनी मला विचारलेला दुसरा प्रश्न मी आयुष्यभर वापरला. "आठ नंबरचा मागचा प्लग कसा होता?"

मागचा प्लग कोरडा होता. तपकिरी, निरोगी. मी स्वतः पाहिला होता आणि ठीक आहे म्हणून परत बसवला होता. सिलिंडरात तेल उतरून प्लग मरत असता तर दोन्ही प्लग तेलकट झाले असते, कारण दोघं एकाच खोलीत राहतात. एकच ओला, दुसरा कोरडा, म्हणजे रोग सिलिंडरच्या बाहेर. पुढचा प्लग ओला होता म्हणून पेटत नव्हता असं आम्ही धरून चाललो होतो. तो पेटत नव्हता म्हणून ओला राहत होता.

तपासणी स्नॅगच्या वेळेला करा

हार्नेसची, म्हणजे प्लगांच्या सगळ्या वायरींच्या जुडग्याची, तपासणी आम्ही आधीही केली होती. मेगर लावून प्रत्येक वायरीचं इन्सुलेशन मोजलं होतं, सगळ्या वायरी पास. केव्हा मोजलं होतं? सकाळी अकरा वाजता, हँगरमध्ये, इंजिन नुकतंच चालवून झाल्यावर. गरम, कोरड्या हार्नेसला आम्ही ओलाव्याबद्दल विचारत होतो.

यावेळी पहाटे चारला विमानाशी गेलो. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातलं हिवाळी धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पंखांवरून पाण्याचे थेंब टपकत होते आणि टॉर्चचा उजेड दहा पावलांपुढे जात नव्हता. इंजिन सुरू न करता मेगर लावला. तेरा वायरी ठीक. आठ नंबरची सुई जवळजवळ शून्यावर. थंडीने बोटं बधिर झाली होती, तरी त्या सुईकडे बघताना मला झालेला आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

प्लगपाशी वायर जिथे वळून आत जाते, त्या कोपऱ्याची नट हाताने फिरेल इतकी सैल होती. खालची जाळी उसवलेली, आतलं रबर घासून चिरलेलं. सगळ्यात खालचा सिलिंडर असल्यामुळे हार्नेसच्या गोल नळीत जमलेलं रात्रीचं दवसुद्धा तिथेच येऊन थांबत होतं. वायर बाहेर ओढली तर टोकाशी पाणी.

आता पहाट आणि नऊ वाजता यांचं कोडं सुटतं. प्लग बदलायला आम्हाला दोन तास लागत होते. तेवढ्यात ऊन यायचं, शिवाय पहिल्या रनची इंजिनाची स्वतःची उष्णता असायचीच. वायर सुकायची. इलाज उन्हाने केलेला असायचा आणि श्रेय नव्या प्लगला मिळायचं.

दुरुस्ती तासाभराची. नवी वायर, नवी जाळी, नट नीट आवळून तारेने बांधली. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे ठिणगी प्रत्येक वायरीकडे वाटणाऱ्या भागाचं, झाकण उघडून आत काळ्या बारीक रेघा उमटल्यात का ते पाहिलं. ओलाव्यातून ठिणगी एकदा वाट काढते तेव्हा मागे कोळशाची रेघ ठेवते, आणि पुढे कोरड्या दिवशीही तीच वाट धरते. अशी रेघ दिसली तर झाकण बदलाच. पुसून भागत नाही. वायरीच्या टोकाला प्लगच्या आत जाणारी जी इन्सुलेशनची नळी असते, तिला उघड्या बोटांनी हात लावू नका. घामाचा एक ठसा पुरतो. स्वच्छ फडक्याने पुसून, फडक्यातच धरून बसवा.

हाच स्नॅग उंचीवर आला तर

काहींच्या बाबतीत उलटं होतं: जमिनीवर पहाटेही ठीक, आणि हवेत दहा-बारा हजार फुटांच्या वर इंजिन खोकायला लागतं. खाली उतरलं की पुन्हा ठीक. याचं कारण पातळ हवा. 18,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा राहतो, आणि पातळ हवेतून ठिणगीला उडी मारणं सोपं जातं. सिलिंडरच्या आत सुपरचार्जरने दाबलेली दाट हवा असते, डिस्ट्रिब्युटरच्या आत मात्र बाहेरची पातळ. मग ठिणगी प्लगपर्यंत जाण्याऐवजी डिस्ट्रिब्युटरमध्येच भलत्या टोकावर उडी मारते आणि चुकीचा सिलिंडर चुकीच्या क्षणी पेटतो.

आमच्या वॉरंट ऑफिसरांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. लडाखला रसद नेणाऱ्या डाकोटांवर काम केलेल्या फिटरांच्या हाताखाली ते शिकले होते. मे 1948 मध्ये एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी लेहला पहिल्यांदा डाकोटा उतरवलं. विमानात दाब राखण्याची सोय नाही आणि वाटेत हिमालयाच्या रांगा. त्या मार्गावर इंजिनं उंच चढवणाऱ्यांसाठी डिस्ट्रिब्युटरची स्वच्छता हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. झाकणाला आतून केसाएवढी चीर असली तरी ती खाली कळत नाही, वर कळते. म्हणून उंचीच्या तक्रारीत पहिलं काम झाकण, रोटर (त्याच्या आत फिरणारा भाग) आणि त्यांच्यामधलं अंतर बघणं. भिंगाशिवाय बघू नका.

पॅकेट या दुसऱ्या मालवाहू विमानावर काम केलेले मित्रही हेच सांगायचे, फक्त त्यांचा पसारा मोठा. त्यांच्या आर-3350 इंजिनाला 18 सिलिंडर, म्हणजे दोन इंजिनांचे मिळून 72 प्लग.

प्लग स्वतःच दोषी असतो तेव्हा

असतो, बरेचदा असतो. फक्त त्याने तसं सांगायला हवं. मऊ काजळी दिसली तर मिश्रण दाट आहे किंवा इंजिन फार वेळ मंद चाललंय. राखाडी, कडक, काचेसारखे मणी दिसले तर ते पेट्रोलमधलं शिसं. शिशाचे मणी मंद आरपीएमला साचतात, कारण ते वाफ होऊन निघून जाण्याइतकं तापमानच तेव्हा नसतं. म्हणून उभं असताना इंजिन सहाशेवर रेंगाळत ठेवू नका, हजाराच्या आसपास ठेवा. हातातून पडलेला प्लग पुन्हा बसवू नका, वरून कितीही धड दिसो. आतल्या चिनीमातीला गेलेला तडा दिसत नाही. आणि प्लगचा संशय असेल तर फेकण्याआधी त्याला दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग दोषी. दोष जुन्याच जागी राहिला तर वायर. आम्ही पहिल्या दिवशी एवढी एक अदलाबदल केली असती तर महिना वाचला असता. फक्त ती पहाटे करायला हवी होती.

परत परत येणाऱ्या कुठल्याही स्नॅगसाठी मी पुढे फॉर्मला एक साधा कागद जोडायला लागलो. त्यावर आकडा नसायचा. किती वाजता आला, आदल्या रात्री पाऊस की दव, विमान उघड्यावर की हँगरमध्ये, इंजिन थंड की गरम, किती उंचीवर, ढगात की बाहेर, आणि विमानात बसलेल्या प्रत्येकाला काय ऐकू आलं, कशाचा वास आला. प्रत्येकाला म्हणजे मागे दरवाजाशी पोती ढकलणाऱ्या इजेक्शन क्रूलासुद्धा. एकदा डाव्या इंजिनाची तेलगळती पहिल्यांदा त्यांनीच सांगितली होती, कारण उघड्या दरवाज्यातून तेलाचे बारीक शिंतोडे त्यांच्या चेहऱ्यावर येत होते.

2018 मध्ये इंग्लंडमध्ये दुरुस्त झालेली 'परशुराम' ही डाकोटा व्हीपी 905 हा जुना क्रमांक घेऊन हिंडनच्या हवाई तळावर आली. ते इंजिन सुरू होतानाचं चित्रीकरण मी पाहिलं. एकेक सिलिंडर पकडत गेला, निळसर धूर निघाला, मग आवाज एकसंध झाला. मी डोळे मिटून ऐकत होतो. खालच्या बाजूला कुठे अडखळतंय का, कान आपोआप तिकडेच गेले होते.

आमच्या विमानाचं सांगायचं राहिलं. नवी वायर बसवल्यावर दुसऱ्या पहाटे, तशाच धुक्यात, 'राइट'वर ड्रॉप पंचावन्न. दुपारी विमान परत आलं तेव्हा सिग्नलर साहेब स्वतः आमच्याकडे चालत आले आणि हेडफोन गळ्यात तसाच ठेवून म्हणाले, "आज पहिल्यांदा जोरहाटचा टॉवर स्वच्छ ऐकू आला."